सील साबूत

ये मंजू, बस अशी जवळ. जवळ म्हणजे या कागदाजवळ गं, तू तिकडं हैद्राबादला आणि मी इथं ओसरीत. पण आधी तुला रागवून घेते. परवा फोनवर तूच विचारलंस, "आजी, तुमच्या वेळी टीव्ही नव्हता, मग खरं काय नि खोटं काय ते तुम्हाला कोण सांगायचं?" मी तोंड उघडलं, तर तू "एक मिनिट आजी" म्हणालीस, आणि ते एक मिनिट अजून संपायचं आहे. असं करू नये बाई. म्हाताऱ्या माणसाला विचारायचं आणि उठून जायचं, म्हणजे तवा तापवून ठेवायचा आणि भाकरी थापायचीच नाही. म्हणून आता लिहूनच पाठवते. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं मी माझं मीच शिकले, तेव्हा चुका दिसतील. त्या गिळून टाक.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एक माणूस होता. मुन्शीकाका. तू त्यांना पाहिलं नाहीस, तुझ्या बापानंही पाहिलं नाही. आता गावात त्यांचं नाव घेणारी बहुतेक मी एकटीच उरले आहे.

आपल्या गावच्या चावडीत तेव्हा सरकारी रेडिओ होता. रेडिओ म्हणजे लाकडी पेटी, छपरावर दोन बांबू आणि मधे ताणलेली तार. घरचा रेडिओ कोणाकडेच नव्हता. ही पेटी सरकारनं गावाला ऐकायला दिलेली, आणि ती राखायचं काम मुन्शीकाकांकडं. रोज दिवेलागणीच्या आधी काका येत. वहाणा बाहेर काढत, हातपाय धुवत, टोपी नीट करत. मग पेटीला नमस्कार. मग कोटाच्या खिशातून भिंग निघे. पेटीला आत एक बटण होतं, केंद्र बदलायचं, ते सरकारनं एका जागी बसवून त्यावर लाल लाखेचं सील मारलेलं होतं. काका भिंगातून त्या लाखेकडं असं बघत, जसं वैद्य जिभेकडं बघतो. मग वळून सगळ्यांना मोठ्यानं सांगत, "सील साबूत."

आणि सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, "साबूत." त्याशिवाय रेडिओ सुरू व्हायचा नाही.

मारोती नावाचा एक गाडीवान होता, तो नेहमी पुढं बसायचा. तो मुद्दाम उशिरा म्हणायचा, सगळ्यांचं झाल्यावर, एकटाच, लांबवून. "साऽऽबूत." काका भिंग त्याच्याकडं रोखत. "मारोत्या, सरकारी वस्तू हाय. मस्करी बाहेर ठेवून येत जाय, वहाणेसंगं."

"मले वहाणच नाई ना काका," मारोती म्हणायचा. रोजचं होतं हे, आणि रोज लोक हसायचे.

काका निजामाच्या राज्यात तहसिलीत मुन्शी होते. उर्दूत लिहायचं, उर्दूत बोलायचं, घरी मात्र आपली मराठी. निजामशाही गेली, कचेरीतली उर्दू गेली, आणि उर्दूबरोबर काकांची नोकरीही गेली. रुमी टोपी ट्रंकेत गेली, पांढरी डोक्यावर आली. पण जीभ तीच राहिली. सगळं 'बाकायदा', म्हणजे रीतसर पाहिजे. पाणी द्यायचं तर बाकायदा, तांब्यावर पेला ठेवून. बायको लवकर गेली होती, मूल नव्हतं. त्यांना जगात धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती पेटी. ती घेताना त्यांनी सरकारला लिहून दिलं होतं की सीलला हात लावणार नाही, ठरल्या वेळेलाच लावीन आणि किती माणसं ऐकायला आली ते रोज रजिस्टरात खरं लिहीन. ऐकणारे कमी झाले तर पेटी दुसऱ्या गावाला जाणार, असा हुकूम होता. बाप्ये वेगळे, बाया वेगळ्या मोजायच्या. आणि बाया येत होत्या बरं. चावडीत बायांनी पाय ठेवायचा तो त्या एका तासापुरता.

मग राज्यांची फेरमांडणी झाली. भाषेप्रमाणं राज्यं केली म्हणतात. आपला मुधोळ तालुका तोवर नांदेड जिल्ह्यात होता, तो उचलून आदिलाबादला जोडला. नांदेड तिकडं मुंबई राज्यात गेलं, आपण इकडं आंध्रात राहिलो. घर तिथंच, शेत तिथंच, विहीर तिथंच. आत्याबाई म्हणजे माझी सासू सांगायची, की एक दिवस जीप आली, मेकॅनिकनं जुनी लाख फोडली, आतलं बटण फिरवलं, नवी लाख ओतली आणि निघून गेला. त्या संध्याकाळी पेटीतून मराठीऐवजी तेलुगू आलं.

काका म्हणायचे, "दोनदा सरकारनं माझी जीभ बदलली. पयल्यांदा कचेरीत, दुसऱ्यांदा चावडीत."

पण माणसं हटली नाहीत, कारण काका आता पेटीशेजारी उभं राहून सांगायला लागले. रेडिओ तेलुगूत बोलायचा, काका कान देऊन ऐकायचे, बोटानं थांबा म्हणायचे आणि मराठीत सांगायचे. आपल्या लोकांना बाजारापुरतं तेलुगू यायचं, "एंता?" म्हणजे "केवढ्याला?", एवढं. रेडिओचं तेलुगू पुस्तकातलं, आणि बोलायचं भरभर. गावाला काकांचा फार अभिमान वाटायचा. उर्दू येते, मोडी येते, आता तेलुगूही येते.

त्यानंतर वर्षभरानं मी या पाटलाच्या घरात सून म्हणून आले.

माझं माहेर निर्मळचं. आम्ही मराठीच, पण तीन पिढ्या निर्मळला. शेजार तेलुगू, मैत्रिणी तेलुगू, भांडणं तेलुगूत. मला वेगळं शिकावं लागलंच नाही. लग्नानंतर आठवड्यानं आत्याबाई मला चावडीत घेऊन गेल्या. डोक्यावरून पदर, मागच्या सतरंजीवर, बायांमधे. काकांनी भिंग काढलं, सील साबूत झालं, मारोतीचं लांबलेलं साबूतही झालं. रेडिओ लागला. दोन माणसांचं बोलणं होतं, एक शेतकरी आणि एक त्याचा आळशी भाऊ. त्या आळशानं काहीतरी असं म्हटलं की मला हसू फुटलं. पदरातच हसले, पण ऐकू गेलं. बाया माझ्याकडं बघायला लागल्या, कारण काकांनी अजून काही सांगितलंच नव्हतं. काकांनीही मान वळवून बघितलं.

मग त्यांनी बोट वर केलं आणि सांगितलं, "ऐका. सरकार म्हणून राह्यलं, पऱ्हाटीच्या पानामागं बारीक पांढरे किडे दिसले तर राख उधळा. आन् भैंशाच्या जिनिंगात ओला कापूस घेऊन जाऊ नका, परत पाठवून राह्यले."

मंजू, ऐक. रेडिओ बोलत होता भाताच्या रोपांबद्दल. चिखलणी कशी करायची, रोप किती दिवसांचं उपटायचं. त्यात कापूस नव्हता, भैंसा गाव नव्हतं. वाटलं, मलाच कळलं नसेल. मग दुसरं सांगणं झालं, तिसरं झालं. एकही खरं नव्हतं. गाणं लागलं तेव्हा मारोतीनं विचारलं, "काका, गाण्यात काय म्हणते ती बाई?" काका म्हणाले, "गाण्याला अर्थ नसते. गप ऐक." एवढं एकच त्या तासात खोटं नव्हतं म्हणायचं. समोर एवढी माणसं माना डोलवत होती. आत्याबाई शेजारी म्हणत होत्या, "बग, सरकारले किती काळजी."

घरी आल्यावर मी तुझ्या आजोबांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "तू गप. काका तहसिलीत होते. तुझं निर्मळचं तेलुगू आन् रेडिओचं तेलुगू एक असते का?"

"एकच असते," मी म्हटलं.

"हे दुसऱ्या कोनापाशी बोलू नको. आठ दिवस झाले तुला येऊन. लोक म्हनतील, सून आली न आली, मुन्शीकाकाले खोटं पाडून राह्यली."

मी गप्प बसले. नवी सून दुसरं काय करणार, असं तेव्हा वाटलं. आता नाही वाटत. ते पुढं सांगते.

मी पुढं बरेच महिने जात राहिले आणि बघत राहिले. हळूहळू कळलं की काका हे कुठून आणत. दिवसभर ते फिरत. बसनं भैंशाला जात, जिनिंगच्या फाटकापाशी उभं राहून गाडीवानांना विचारत. पुड्या बांधून आलेले मराठी पेपरचे तुकडे सरळ करून वाचत. टोचणारा कंपाउंडर आला की त्याला चहा पाजून दहा गोष्टी काढून घेत. कोणाच्या म्हशीला काय झालं आणि कशानं बरं झालं, तेही विचारत. आणि संध्याकाळी ते सगळं सरकारच्या नावावर पेटीतून काढत. खोटं ठरेल असं फारसं काही नसायचं त्यात. राखेनं किडे गेले. ओला कापूस खरंच परत पाठवत होते. रेडिओनं खरं सांगितलेलं भात आपल्या शिवारात कोणी लावणार नव्हतं. मग मीच मला समजवायची, की जाऊ दे, कोणाचं वाईट होत नाही ना. पण रोज सील साबूत म्हणताना माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. ज्या माणसाला लाखेवरचा ओरखडा चालत नव्हता, त्याला हे कसं चालत होतं, हे मला उमगत नव्हतं.

मग ती जत्रा आली. गोदावरीच्या काठी एक गाव आहे, नाव लिहीत नाही, आता तिथं सगळं चांगलं आहे. दरवर्षी आपल्या गावच्या गाड्या तिथं जायच्या. जत्रेच्या आधीचे चार दिवस मी बाहेर बसलेली होते. तुम्हा पोरींना आता ते माहीत नाही, आणि नसलेलं बरं. महिन्याचे चार दिवस परसातल्या खोलीत बसायचं, कशाला शिवायचं नाही. चावडीत जायचा तर प्रश्नच नव्हता. पाचव्या दिवशी न्हाऊन मी आत आले, तर आत्याबाई दिसेनात. मामंजी म्हणाले, "तुझी सासू पहाटंच गेली जत्रंला. मारोतीच्या गाडीत. सरकारनं सांगितलं ना, यंदा घाटावर पान्याची, दिव्याची चांगली सोय केली म्हनून. तीन दिस झाले सांगून राह्यले रेडिओवर."

संध्याकाळी मी एकटीच चावडीत गेले. पुढची जागा मोकळी होती, मारोती नव्हता म्हणून 'साबूत' लवकर संपलं. रेडिओ लागला. पहिलीच सूचना होती. जत्रेच्या गावाचं नाव घेतलं आणि सांगितलं, की आधी तीन वेळा कळवल्याप्रमाणं तिथं पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आहे, कोणीही जाऊ नये, नदीचं पाणी पिऊ नये, जे गेले असतील त्यांनी जवळच्या दवाखान्यात जावं. आजाराचं नाव पुस्तकी होतं. आपल्या बाजारात ते कोणी कधी ऐकलं नसेल.

काकांनी बोट वर केलं. "ऐका. जत्रा चांगली भरली. सोय उत्तम हाय. ज्यांचं जायचं राह्यलं त्यांनी उद्या बिनघोर जावं."

त्यांना एवढ्या सगळ्यातलं एकच समजलं होतं, गावाचं नाव. गावाचं नाव आणि जत्रेचे दिवस, म्हणजे सोयीचंच असणार. तीन दिवस ते त्या एका नावावर इमारत रचत होते.

मी उभी राहिले. बाप्यांच्या समोर, चावडीत. पदर सावरायचंही भान नव्हतं. तरी एवढं वाटलं, की म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांदेखत पाडू नये. म्हणून तेलुगूत बोलले, म्हणजे त्यांना कळेल आणि बाकीच्यांना नाही. "काका, मीरु चेप्पिंदि कादु." तुम्ही सांगितलं ते नाहीये.

काका माझ्याकडं बघत राहिले. पोर अनोळखी भाषेत बोललं की आपण कसं बघतो, तसं. त्या घटकेला मला कळलं. तोवर मला वाटत होतं की त्यांना थोडंफार येतं आणि ते आपल्या मनानं फिरवून सांगतात. त्या माणसाला 'कादु' म्हणजे 'नाही', हेसुद्धा येत नव्हतं. वर्षापेक्षा जास्त काळ ते रोज भिंतीकडं कान लावून उभे होते.

मग मी मराठीत बोलले. "काका, एक सांगायचं राहिलं तुमचं. पटकीची साथ आहे म्हणाले तिथं. जाऊ नका म्हणाले. पाणी पिऊ नका म्हणाले."

रेडिओवर सनई सुरू झाली होती. काकांचा हात चालू-बंदच्या बटणावर गेला आणि रेडिओ बंद झाला, वेळेआधी, पहिल्यांदाच. ते म्हणाले, "सूनबाई म्हणते ते खरं. माझं सांगायचं राह्यलं."

तुझे आजोबा आणि आणखी तिघं सायकली काढून निघाले. काकाही निघाले, कोणाच्या तरी मागं बसून. दुसऱ्या दिवशी गाड्या परत आल्या. आत्याबाई घोंगडीत गुंडाळलेल्या होत्या, डोळे आत गेलेले, पण जिवंत. मी आठ दिवस त्यांना मीठसाखरेचं पाणी चमच्यानं पाजलं, त्या उठल्या. मारोती उठला नाही. तो घाटावर पाणी प्यालेला होता, गाडी हाकतच परत निघाला आणि वाटेत लवंडला. बैलांचा कासरा शेवटी काकांनी धरला. ज्यांनी जन्मात गाडी हाकली नव्हती, ते मारोतीचं डोकं मांडीवर घेऊन गाडी हाकत वेशीतून आले. मी दारातून पाहिलं. काकांच्या डोक्यावर टोपी नव्हती.

मारोतीचं तेरावं होईपर्यंत चावडी बंद होती. चौदाव्या दिवशी काका वेळेवर आले. हातपाय धुतले, नमस्कार केला, भिंग काढलं. "सील साबूत," म्हणाले. लोक म्हणाले, "साबूत." मग सगळे थांबले, सवयीनं, त्या शेवटच्या लांबलेल्या शब्दासाठी. तो आला नाही.

काका म्हणाले, "सील साबूत हाय. मी नाई." मग त्यांनी रेडिओ लावला, आतला माणूस बोलायला लागला, आणि काका म्हणाले, "हा काय म्हणून राह्यला, त्यातलं मले एक अक्षर समजत नाई. पयल्या दिवसापासून नाई. जे सांगितलं ते मी माझ्या मनानं सांगितलं."

कोणी ओरडलं नाही गं. ओरडले असते तर बरं झालं असतं. माणसं नुसती बसून राहिली, घरात शिरून कोणी काही नेलं असावं तशी. शेवटी मामंजी म्हणाले, "काऊन पन? काऊन केलं काका असं?"

"सतरंजी रिकामी पडली असती. रजिस्टरात मले खरा आकडा लिहावा लागला असता. पेटी गेली असती."

"मंग तुमच्या नावानं सांगायचं ना. म्हनायचं, हे मी सांगून राह्यलो, मुन्शी."

काका म्हणाले, "ऐकलं असतं तुमी?"

मारोतीची बायको मागं बसली होती. ती उठली आणि निघून गेली. तिच्यामागून एकेक करून सगळे गेले. रजिस्टरात त्या दिवशी बाप्ये शून्य, बाया एक असं लिहिलेलं आहे. ती एक मी.

काकांनी स्वतःच्या हातानं सरकारला अर्ज लिहिला, स्वतःविरुद्ध. महिन्याभरानं जीप आली. आत एक तेलुगू साहेब होते, तरुण, चष्म्याचे, सभ्य. गाव जमलं. साहेबांनी आधी सील पाहिलं, मग रजिस्टर पाहिलं, मग काकांकडं पाहिलं.

"मुन्शीजी," ते हिंदीत म्हणाले, "आपको मराठी सुनानी थी, तो सील तोड़के बटन घुमा लेते. इधर सरहद के आधे गाँव यही करते हैं. मराठी सुनते हैं, और हमारे आने से पहले मोमबत्ती से लाख फिर चिपका देते हैं. हम देखके भी नहीं देखते."

मंजू, मारोती गेला तेव्हा मी काकांचा चेहरा पाहिला होता. पण हा चेहरा निराळा होता. ते म्हणाले, "आप देखके नहीं देखते?" पुन्हा म्हणाले, "सरकार देखके नहीं देखती?" आणि पायरीवर बसले. साहेबांच्या देखत, परवानगी न घेता, बाकायदा नाही, तसेच.

सील न तोडता मराठी ऐकवण्यासाठी त्यांनी हे सगळं केलं होतं. आणि ते सील जपणारा मुलखात ते एकटेच निघाले.

साहेबांनी त्यांना काढलं. काढावंच लागलं, मीही तेच केलं असतं. मग विचारलं की गावात तेलुगू नीट कोणाला येतं. तेव्हा आत्याबाई काठी टेकत पुढं आल्या, अजून नीट उभंही राहता येत नव्हतं, आणि म्हणाल्या, "माह्या सुनंले येते. तिले द्या चाबी." मामंजींच्या तोंडचं पाणी पळालं. चावडीची चाबी, आणि बाईकडं. पण आत्याबाई म्हणाल्या, "मी मेले असते तं कोनाले विचारलं असतं? द्या म्हंते ना."

काकांनी चाबी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "आधी नमस्कार, मंग हात. आन् सूनबाई, जे म्हणते तेच सांगजा. कमी नाई, जास्त नाई."

मी तेच केलं. भाताची रोपं म्हणाले, की मी भाताची रोपं म्हणाले. समुद्राकाठच्या कोळ्यांना इशारा दिला, की मी तो इशाराही आपल्या काळ्या रानातल्या लोकांना दिला. लोक जांभया द्यायला लागले. "आमच्यात कुठं समुद्र हाय गं?" असं म्हणून उठायला लागले. मी आकडा खरा लिहीत राहिले, आणि तो उतरत गेला. शेवटी पुढच्या सतरंजीवर एक माणूस उरला, मुन्शीकाका. रोज यायचे, 'साबूत' म्हणायचे, पुढं बसून समुद्राचा इशारा मन लावून ऐकायचे. एकदा मी म्हटलं, "काका, रेडिओ बंद झाल्यावर तुम्ही तुमचं सांगा. तुमच्या नावानं. भैंशाचं, पऱ्हाटीचं. लोक येतील परत." ते म्हणाले, "माझं तोंड सील झालं, बाई." वर्षाच्या आत जीप आली आणि पेटी घेऊन गेली. मी सही केली. काकांनी भिंगानं शेवटचं पाहिलं आणि मेकॅनिकला म्हणाले, "देख लो. साबूत."

त्यानंतर ते दोन उन्हाळे जगले. जायच्या आधी त्यांनी मला एक वही दिली, जाड, कापडी पुठ्ठ्याची. उर्दूत लिहिलेली. म्हणाले, "घाई नाई. वाचनारा भेटला तं वाच." मला उर्दू येत नव्हती. संसार, पोरं, शेती, वही ट्रंकेच्या तळाला गेली. तुझे आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी ट्रंक आवरताना ती हाती लागली. भैंशाला एक म्हातारे उर्दूचे मास्तर होते, त्यांच्याकडं घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि हसले. म्हणाले, "अम्मा, ये उर्दू नहीं है. हरफ उर्दू के हैं, जबान मराठी है."

रोजचं लिहिलेलं होतं. आज काय सांगायचं, ते कोणाकडून कळलं, खरं आहे का ते दोघांना विचारलं की नाही. प्रत्येक दिवसाचं. मास्तर वाचत होते, मी ऐकत होते. मग एका पानावर ते थांबले आणि माझ्याकडं बघून पुन्हा वाचलं. "आज पाटलाची नवी सून हसली. मी सांगायच्या आधी हसली. तिला समजते. उद्या बोलेल."

पुढचं पान. "सूनबाई बोलली नाही."

त्याच्या पुढचं. "बोलली नाही. उद्या बोलेल. बोलली तर सुटलो."

अशी पानंच्या पानं, मंजू. मला वाटत होतं मी त्या माणसाची लाज राखून बसले आहे. आणि ते रोज पेटीशेजारी उभं राहून, मागच्या सतरंजीवरच्या एका पदराकडं बघत, कोणीतरी आपल्याला थांबवेल म्हणून वाट पाहत होते. जत्रेच्या आधीच्या दिवसांचं पान मास्तरांनी अगदी हळू वाचलं. "रेडिओनं जत्रेचं नाव घेतलं. काय म्हणाला कळेना. सूनबाई आली नाही. आली असती तर आज विचारलंच असतं." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी त्यांना म्हटलं, बस करा मास्तर. वही उचलली आणि घरी आले. त्या दिवसापासून कोणी काही चुकीचं सांगताना दिसलं की मी गप्प बसत नाही. घरातले मला भांडखोर म्हणतात. म्हणू देत.

मास्तर आता नाहीत. चाबी माझ्याकडं आल्यानंतरची पानं वाचायची राहिली आहेत. बरीच आहेत, मी मोजून पाहिली. मी समुद्राचा इशारा सांगत होते आणि ते पुढं बसून ऐकत होते, तेव्हा घरी जाऊन काय लिहायचे, ते मला माहीत नाही. इतकी वर्षं धीर झाला नाही, आता झाला आहे. तुझी ती उर्दू येणारी मैत्रीण, गेल्या दिवाळीला जिनं माझ्या हातची ज्वारीची भाकरी तीनदा मागून घेतली, तिला घेऊन ये. एक मिनिट म्हणू नकोस. बसनं भैंशाला उतर, मी कोणाला तरी पाठवते. वही ट्रंकेतून काढून उशाशी ठेवली आहे. लवकर ये गं.